पुतळीची माळ आणि राणीछाप रुपया

आपल्या भंडाऱ्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ असे, हे पुष्कळजणींना आठवत असेल. बाजारातले चलन गळ्यात कसे आले, ते थोडक्यात सांगते.

नाण्यांच्या दागिन्यांत मान पुतळ्यांच्या माळेचा. पुतळी हे मुळात परदेशी नाणे. इटलीतील व्हेनिस शहराने १२८४ पासून सोन्याची डुकाट नावाची नाणी पाडली. व्यापाऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात येशू. लॅटिन अक्षरे आपल्याकडे कोण वाचणार? माणसांची चित्रे दिसली आणि नाव पडले पुतळी. सोने चोख, म्हणून सोनारांचाही विश्वास बसला. पुढे आपल्या कारागिरांनी त्याच घाटाच्या चकत्या लक्ष्मीच्या छापाने केल्या, त्याच हल्ली आपण घालतो.

डच लोकांचीही अशीच सोन्याची नाणी होती. मराठे त्यांना वलंदेज म्हणत. वेंगुर्ल्यास त्यांनी १६३७ मध्ये वखार घातली, तिची पडकी इमारत अजून उभी आहे. त्यांच्या नाण्यावर चिलखत घातलेला वीर, एका हातात तलवार, दुसऱ्यात सात बाणांची जुडी. सात बाण म्हणजे एकत्र आलेले सात प्रांत. प्रत्येक प्रांत आपली नाणी पाडी व आपले नाव त्यावर थोडक्यात घाली. शाळेतल्या मोळीच्या गोष्टीची मला आठवण झाली!

सोन्याची माळ मात्र साऱ्यांना कुठली परवडायची! आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा; १८५४ मध्ये तो इंग्रजांनी खालसा केला. त्यांचा रुपया एक तोळ्याचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याला कडी जोडली की झाली बाईची शिल्लक. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत घराघरांतले असे दागिने धान्यासाठी विकले गेले. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला, आणि त्याची माळ करणे थांबले.

कडी जोडलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात, आणि सराफ नुसते वजन करून आटवतो. मला वाटते, मोडीत घालण्याआधी निदान साल तरी वाचावे. सासूबाईंच्या माळेत एक रुपया १८४० चा आहे. १८६२ पासूनच्या रुपयांवर राणीला मुकुट आहे. यावर ती मोकळ्या डोक्याची, केस मागे बांधलेली तरुण मुलगी आहे, आणि कडी नेमकी तिच्या डोक्यावर जोडलेली आहे.