अर्ध्या फेअरिंगची कुळकथा

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. मोटारसायकलच्या तोंडावर बसणाऱ्या फेअरिंगचा जन्म या हिशेबातून झाला. 1950 च्या दशकात इटलीच्या मोटो गुझ्झीने कोमो सरोवराकाठी, मांदेल्लो देल लारिओच्या कारखान्यात स्वतःचा विंड टनेल उभारला. त्या काळी शर्यतीच्या गाड्या पुढच्या चाकासकट झाकलेल्या असत. वेग मिळे, पण बाजूने वारा आला की गाडी सावरणं अवघड होई. शेवटी 1957 च्या हंगामानंतर पुढचं चाक झाकायला आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने बंदी घातली आणि कवच आखूड झालं.

रोजच्या रस्त्यावर ते देखणेपणाने आणलं बीएमडब्ल्यूने. 1973 च्या आर 90 एसवर डिझायनर हान्स मूथ यांनी दिव्याभोवती छोटी फेअरिंग बसवली आणि आतल्या बाजूला घड्याळ व व्होल्टमीटर दिले. 898 सीसीचं इंजिन मात्र उघडंच ठेवलं.

आपल्याकडे 2003 मध्ये हिरो होंडाची अर्धी फेअरिंग लावलेली 223 सीसी करिझ्मा आली. पुढे पुण्याच्या बजाजने 2007 मध्ये पल्सर 220 आणली, तीही फ्युएल इंजेक्शन घेऊन. 2009 मध्ये कार्ब्युरेटर लावून तिची किंमत उतरवली आणि ताकद सुमारे 21 पीएसवर नेली. मग ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसू लागली.

220 चं तोंड नीट पाहा. एकाखाली एक असे दोन दिवे, खालच्यात प्रोजेक्टर. हँडल वळवा, दिवे जागचे हलत नाहीत, कारण फेअरिंग चेसिसला बांधलेली आहे. तिचं वजन हँडलवर येत नाही म्हणून हायवेला गाडी स्थिर वाटते. घाटातल्या रात्रीच्या वळणावर मात्र उजेड सरळ दरीकडे जातो, तेव्हा वेग आवरावा लागतो. छातीवरचा वारा वायझर वर ढकलतो, आणि खाली सिलिंडरच्या पंखांना मोकळी हवा मिळते. हवेवर आणि तेलावर थंड होणाऱ्या इंजिनाला ती हवीच. म्हणून या वर्गात पूर्ण फेअरिंगपेक्षा अर्धीच योग्य, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण कवच चढवलं की साधा टॅपेट सेट करायलाही आधी पॅनेल उतरवावे लागतात.

हीच फेअरिंगवाली पल्सर, म्हणजे 220 एफ, 2022 मध्ये बंद झाली. 2023 मध्ये बजाजने ती पुन्हा बाजारात आणली, तीच फेअरिंग ठेवून.