कलमतराश

'चाकू' हा शब्द मराठीत फारसीतून आला. 'सुरी' ही संस्कृत 'क्षुरिके'ची लेक. दोघं एकाच स्वयंपाकघरात सुखानं नांदतात. पण खिशातल्या चाकूचं जुनं काम भाजी चिरणं नव्हे. तो कलमतराश, म्हणजे बोरू तासणारा. मोडी लिहिणारा कारकून असो की उर्दूचा कातिब, टोक झिजलं की चाकू काढायचा, बोरू तासायचा आणि शेवटी एकच तिरपा छेद द्यायचा. या छेदाला उर्दूत 'कत' म्हणतात. नस्तालिकमध्ये अक्षराची मापं याच कताच्या रुंदीनं घेतात. कत बिघडला की अख्खी ओळ बिघडते. (मराठीत ज्याला 'बोरूबहाद्दर' म्हणून हिणवतात, त्याची तलवार एवढीच!)

पुढे टाक आले, फाउंटन पेन आलं. मग हिंदी सिनेमानं रामपुरी उघडला आणि चाकू गुंडाचा झाला. पुष्कळदा त्या गुंडाचं नावही आपल्यातलंच. शस्त्र नियम मात्र 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला शस्त्र धरतात, तेही घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून.

माझं पातं 2 इंच लांब. हिंजवडीत आयटी कंपनीच्या फाटकावर तेही काढून ठेवावं लागतं. खत्तातीच्या तासाला मी त्यानंच बोरू तासतो. पोरं आधी चाकूकडे बघतात, मग कताकडे.