रॉबर्ट स्टीफन्सन : खाणीतून पुलाकडे

कोळशाच्या खाणीवर यंत्र राखणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन यांना तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती. ती उणीव पुत्राच्या वाट्यास येऊ नये म्हणून त्यांनी रॉबर्टला (जन्म १८०३) न्यूकॅसलच्या शाळेत घातले. मुलाने आणलेली पुस्तके पितापुत्र घरी एकत्र अभ्यासीत. रॉबर्ट यांनी किलिंगवर्थच्या खाणीत उमेदवारी केली, १८२४ ते १८२७ कोलंबियातील चांदीच्या खाणींचे काम पाहिले आणि १८३८ साली लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग पुरा केला.

कीर्ती अशी वाढत असता, २४ मे १८४७ रोजी चेस्टर येथील डी नदीवरचा त्यांचा पूल गाडीखाली मोडला व पाच जीव गेले. ओतीव लोखंड दाब सोसते, ताण सोसत नाही. तरी लहान गाळ्यांची रीत तेथे ९८ फुटांच्या गाळ्यास लावली होती. याउलट मेनाई सामुद्रधुनीवरील पुलासाठी फेअरबेर्न व हॉजकिन्सन यांनी नमुने मोडेपर्यंत भार लादून पाहिले होते. १८५० साली घडीव लोखंडाच्या त्या नळीतून गाड्या धावू लागल्या.

१८५३ साली सुरू झालेल्या मुंबई-ठाणे लोहमार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच गुरूच्या तालमीतले. १८५९ साली स्टीफन्सन निवर्तले. अनुभवी हातासही पडताळा चुकत नाही, हा त्यांच्या चरित्रातील धडा पाच जिवांच्या मोलाने मिळालेला आहे. आपल्या तरुणांनी तो विसरू नये.