तांबड्या डोळ्याचा माग

केळी दोन दिवस जास्त राहिली की टोपलीभोवती घोटाळू लागतात ती चिलटं. आंब्या-पेरूत अळ्या करणारी फळमाशी वेगळी. चिलट आंबलेल्या गरावरच्या यीस्टवर जगतं. भिंगाखाली पाहिलं तर त्याचा डोळा विटकरी तांबडा दिसतो. माणसाच्या मेंदूच्या झिजेचा शोध घेणारे या डोळ्यापाशी कसे येऊन पोचले, त्याचा हा मागोवा.

1910 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना दुधाच्या बाटल्यांत वाढवलेल्या चिलटांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. डोळ्याच्या रंगाचं जनुक अमुक एका गुणसूत्रावर आहे, हे त्याच्या वंशावळीवरून उलगडलं. रोगाचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. चिलट निवडलं ते सोयीसाठी: खाणं स्वस्त, आणि अंड्यापासून माशी व्हायला दहा-बारा दिवस पुरतात. 1928 मध्ये मॉर्गन कॅलिफोर्नियात कॅल्टेकला गेले आणि चिलटांचा अभ्यासही तिथं रुजला.

त्याच कॅल्टेकमध्ये भौतिकशास्त्रातून जीवशास्त्राकडे वळलेल्या सीमोर बेंझर यांनी माशीचं वागणं जनुकांत शोधायला घेतलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि योशिकी होत्ता यांनी एक विचित्र वाण तपासलं. या माश्या कोशातून नीट बाहेर येत, एक-दोन दिवस इतरांसारख्याच वावरत, मग झोकांड्या खाऊ लागत आणि काही तासांत मरून पडत. वाणाचं नाव ‘ड्रॉप-डेड’. त्यांचे मेंदू कापून पाहिले तर भोकंच भोकं. मला विचाराल तर या कहाणीचा खरा आरंभ इथं आहे. मेलेली माशी झटकून टाकणं सोपं होतं. या दोघांनी तिचा मेंदू उघडून पाहिला.

याच कामाची एक फांदी मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाढली. तिथल्या ओबैद सिद्दिकी यांनी बेंझर यांच्यासोबत 1976 मध्ये काही माश्यांबद्दल निबंध प्रसिद्ध केला. ऊब वाढवली की त्या लुळ्या पडत, गार केल्या की पुन्हा उठून चालू लागत.

पुढचा टप्पा बेंझर यांच्याच हाताखाली काम केलेल्या नॅन्सी बोनिनी यांचा. माशाडो-जोसेफ रोगात चालण्याचा तोल जातो, कारण एका प्रथिनात ग्लुटामिन या अमिनो आम्लाची माळ नको तितकी लांबते. 1998 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोनिनी यांच्या गटानं त्या मानवी जनुकाचा तुकडा माशीच्या डोळ्यात चालू केला. डोळा मुद्दाम निवडलेला, कारण बाटलीत राहणारी माशी डोळ्यांवाचूनही जगते. माळेत 27 ग्लुटामिन असताना डोळा तांबडा आणि रेखीव राहिला. 78 केल्यावर तो खचला, रंग विरला. अशा प्रयोगांत मॉर्गन यांचा तो नरही परत येतो. परकं जनुक सहसा पांढऱ्या डोळ्यांच्या वाणातच घालतात, सोबत रंगाचं जनुक जोडून. पिल्लाच्या डोळ्यात रंग उतरला की समजायचं, जनुक बसलं.

वर्षभरानं, 1999 मध्ये, त्याच गटानं रोगट डोळ्यात मानवी एचएसपी-70 हे प्रथिन वाढवलं आणि डोळा बराचसा सावरला. लांबलेल्या माळेच्या प्रथिनाच्या पेशींत साचलेल्या गाठी मात्र तशाच राहिल्या होत्या. पेशी मरते ती गाठींमुळेच का, हा प्रश्न तिथून अधिक टोकदार झाला. या प्रथिनाचं मूळही चिलटातच सापडतं. साठच्या दशकाच्या आरंभी इटलीत फेरुचो रितोसा यांच्या उबवणपेटीचं तापमान कुणीतरी वाढवून ठेवलं होतं. आतल्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे आले, आणि उष्णतेला तोंड देणाऱ्या जनुकांचा सुगावा लागला. पस्तीस-चाळीस वर्षांनी तीच वाट माणसाच्या रोगाशी येऊन मिळाली. मूलभूत संशोधनावर पैसा का घालायचा, असं विचारणाऱ्याला मी आवर्जून ही हकीकत सांगते.

चिलटाच्या मर्यादाही आहेत. कंपवातात मेंदूत साचणारं अल्फा-सिन्यूक्लिन त्याच्यात मुळीच नसतं. 2000 मध्ये मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी ते माणसाकडून घेऊन त्याच्यात घातलं. पारख साधी होती. काचेच्या नळीत माश्या घ्यायच्या, नळी टेबलावर ठोकायची. सगळ्या तळाला पडतात आणि धडधाकट माशी लगेच वर चढू लागते. या माश्यांची चढाई मात्र वय वाढलं तशी इतरांच्या आधी ढेपाळली. तरी माणूस हळूहळू आपल्याच माणसांची नावं विसरत जातो, ते दुःख कुठल्या नळीत मोजणार? त्यासाठी उंदीर लागतात, माकडं लागतात, आणि तीही पुरी पडत नाहीत.

पण काही कोडी माशीच सोडवते. कंपवात वारशानं आलेल्या घराण्यांत ‘पार्किन’ आणि ‘पिंक-1’ ही दोन बिघडलेली जनुकं सापडली होती. त्यांचं एकमेकांशी नातं काय, ते रुग्णांवरून कळेना. कुठलंही एक बंद पडलं तरी माशीच्या स्नायूंमधली, पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया खराब होत आणि पंखांची ठेवण बिघडे. 2006 मध्ये अमेरिका आणि दक्षिण कोरियातल्या गटांनी पिंक-1 नसलेल्या माशीत पार्किन वाढवून पाहिलं, आणि पंख सावरले. पार्किन नसलेल्या माशीत पिंक-1 वाढवलं, तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे पिंक-1 आधी, पार्किन त्याच्या मागून.