बिवा सरोवराच्या काठी धम्म कोणी राखला?

शिगा प्रांतातील बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर. क्षेत्रफळ सुमारे ६७० चौरस किलोमीटर. त्याच्या पश्चिम काठी साकामोतो येथे आम्ही पोहोचलो, तेव्हा प्रथम दृष्टीस पडले ते हियोशी हे शिंतो देवस्थान आणि त्यामागील हिएइ पर्वत. याच पर्वतावर भिक्खू सायचो यांनी इ. स. ७८८ मध्ये विहार स्थापिला. पुढे तो तेंदाई संप्रदायाचे केंद्र झाला आणि पर्वताचे देव विहाराचे रक्षक मानले गेले.

या सहवासामागे एक सिद्धान्त होता. स्थानिक देव ही बुद्ध-बोधिसत्त्वांनीच लोकहितार्थ धारण केलेली रूपे होत, असे जपानी आचार्य मानीत. भारतात बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविण्यात आले. तेथे नेमके उलट घडले. तथापि हा समेटही धम्माचे रक्षण करू शकला नाही.

१८६८ मध्ये मेइजी शासनाने देव आणि बुद्ध यांच्या फारकतीची आज्ञा काढली. लगेच शिंतो पुरोहित सशस्त्र जमावासह हियोशी देवस्थानात घुसले. बुद्धमूर्ती व सूत्रग्रंथ अग्नीच्या स्वाधीन झाले. देशभर उसळलेल्या विध्वंसाचा हा आरंभ होता. देवपूजा नाकारणाऱ्या आम्हांस फारकत प्रथमदर्शनी इष्ट वाटेल. परंतु ती विवेकातून नव्हे, तर सम्राटाच्या देवत्वाला बळ देण्यासाठी झाली होती, हे विसरता येत नाही.

ईशान्य काठावरील ताकात्सुकी परिसरात मात्र आम्हांस वेगळा इतिहास भेटला. तेथील दोगान-जी येथे अवलोकितेश्वराची, म्हणजे जपानी कान्नोनची, नवव्या शतकातील अकरा मुखांची काष्ठमूर्ती आहे. १५७० च्या सुमारास युद्धाच्या वणव्यात गावकऱ्यांनी ती जमिनीत पुरून वाचविली, अशी परंपरा आहे. आजही या परिसरातील अनेक कान्नोन मंदिरांत निवासी भिक्खू नाही; शेतकरी कुटुंबेच पाळीपाळीने किल्ली सांभाळतात. आता तरुण शहरांकडे गेल्याने ही पाळी वृद्धांवर येऊन पडली आहे.

राजाश्रय ज्याने दिला त्यानेच तो काढून घेतला. सामान्य उपासकांनी हातचे सोडले नाही. मात्र त्यांनी मुख्यतः मूर्ती राखली, प्रज्ञेचे अध्ययन नव्हे. विहार बांधणाऱ्या आपणही हा प्रश्न स्वतःस विचारला पाहिजे: किल्लीबरोबर पुढील पिढीच्या हाती आपण काय देणार आहोत?