दिवा : नैसर्गिक लोकसंख्यावाढ

ठरावीक काळातील जन्मांतून मृत्यू वजा केल्यावर उरणारी वाढ ती नैसर्गिक लोकसंख्यावाढ. स्थलांतर तीत धरत नाहीत. मध्य रेल्वेवरील दिवा जंक्शनभोवतीची, ठाणे महानगरपालिकेत मोडणारी वस्ती झपाट्याने वाढली, ती मुख्यतः स्थलांतरामुळे.

प्रमाण : २००१ ते २०११ या दशकात ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२,६२,५५१ वरून १८,४१,४८८ झाली, वाढ सुमारे ४६ टक्के. पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी, तर महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. राज्याचा २०११ मधील जन्मदर दरहजारी १६.७ आणि मृत्युदर ६.३ होता. या गतीने दहा वर्षांत सुमारे ११ टक्केच नैसर्गिक वाढ होते. ठाण्यातील उरलेल्या वाढीचा मोठा वाटा बाहेरून आलेल्यांचा आहे. त्याच दशकात लोक बाहेर जाणाऱ्या कोकणात रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. दिव्याहून रत्नागिरी व सावंतवाडीला सुटणाऱ्या गाड्या दिव्याचा कोकणाशी असलेला संबंध दाखवतात.

वयोरचना : मूळ आगरी-कोळी गावांभोवती चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. मुंबई-ठाण्यापेक्षा कमी भाड्यामुळे तिथे मुख्यतः कमावत्या वयाची जोडपी आली. अशा वस्तीत प्रत्येक स्त्रीला अपत्ये कमी झाली, तरी दरहजारी जन्म बरेच आणि मृत्यू थोडे राहतात. म्हणजे नैसर्गिक वाढही काही अंशी स्थलांतराचेच फळ असते. कतारसारख्या छोट्या देशातही बाहेरून आलेल्या तरुण कामगारांमुळे मृत्युदर अत्यंत कमी दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७, म्हणजे पिढी जागच्या जागी राखण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षा कमी आहे. आलेली पिढी वयस्क होईल तसे दिव्यातील जन्म-मृत्यूंचे अंतर घटणे अपेक्षित आहे.

मोजणीतील अडचण : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार घटना जिथे घडते तिथल्या निबंधकाकडे ती २१ दिवसांत कळवायची असते. दिव्यातील बाळ कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जन्मले तर नोंद ठाण्यात, डोंबिवलीत जन्मले तर कल्याण-डोंबिवली महापालिकेत होते. पहिले बाळंतपण माहेरी झाले, तर ती नोंद थेट कोकणात किंवा देशावर जाते. म्हातारपणी गावी परतलेल्यांचे मृत्यूही तिकडेच नोंदले जातात. वर दिलेल्यांसारखे, निवडक नमुन्यांवरून काढलेले नमुना नोंदणी पद्धतीचे दर राज्यपातळीवरचे असल्याने दिव्यासारख्या प्रभागाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यामुळे दिव्याची नैसर्गिक वाढ जनगणनेतील वयोगट आणि स्थलांतर यांच्या तक्त्यांवरून अंदाजानेच काढावी लागते. २०२१ ची जनगणना लांबल्याने त्यासाठीचे शेवटचे आकडे २०११ चेच आहेत. पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे.