परक्या भूमीतील घरचा घास

देश सोडून गेलेला माणूस भाषा शिकतो, पेहराव बदलतो, नव्या हवापाण्याशी जुळवून घेतो. परंतु जिभेची सवय त्याला सहजासहजी सोडत नाही. सणावाराच्या दिवशी तर मन हटकून घरच्या ताटापाशी जाऊन बसते. ही ओढ साधी वाटली तरी तिने इतिहासात मोठी उलथापालथ केली आहे. आपल्या नाताळच्या मेजावरचे काही पदार्थ या ओढीचेच अपत्य आहेत. तरीही या पदार्थांविषयी दोन आक्षेप आपल्या कानी येत असतात. शेजारीपाजारी म्हणतात, हे तुमचे खाणे परक्यांचे. आपली वडीलधारी मंडळी म्हणतात, परदेशी गेलेली मुले जे रांधतात ते अस्सल नव्हे. या दोन्ही आक्षेपांचे उत्तर आपल्याला एकाच इतिहासात सापडते.

इ. स. 1510 मध्ये आफोन्सु द आल्बुकर्कने गोवा जिंकले. 1534 मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. लिस्बनहून निघालेले गलबत गोव्यास पोहोचायला साधारण सहा महिने लागत. एवढ्या अंतरावर येऊन पडलेल्या शिपायाला, व्यापाऱ्याला आणि धर्मगुरूला रोजच्या जेवणात तीन गोष्टी हव्या असत : गव्हाची भाकर, द्राक्षाचा मद्य आणि त्या मद्यात मुरवलेले मांस. कोकणपट्टी तर भात, मासळी आणि नारळ यांची. या अडचणीचे चित्र फादर थॉमस स्टीफन्स यांच्या पत्रात उमटले आहे. पुढे ‘क्रिस्तपुराण’ रचून मराठीला ललामभूत ठरलेले हे इंग्रज येशूसंघीय 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. युरोपात पाहिलेल्यांपैकी द्राक्षवेलीखेरीज एकही झाड येथे दिसले नाही, आणि ती वेलही निरुपयोगी, त्यामुळे सारा द्राक्षमद्य पोर्तुगालहून आणावा लागतो, असे त्यांनी त्यात कळवले. येथल्या लोकांचे पेय म्हणजे चांगले पाणी किंवा माडाची ताडी, असेही ते सांगतात.

येथे वेदी आणि मेज यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मिस्साबलिदानासाठी गव्हाचीच भाकर आणि द्राक्षाचाच रस हवा, हा ख्रिस्तसभेचा नियम. तेथे तांदूळ किंवा ताडी चालत नाही. म्हणून वेदीसाठीचा द्राक्षरस समुद्र ओलांडून येत राहिला. घरच्या मेजाला मात्र असे बंधन नव्हते. तेथे माणसाने जे हाताशी होते त्याच्याशी तडजोड केली, आणि त्या तडजोडीतूनच नवे अन्न जन्मले.

पावाचेच पाहा. हा शब्द पोर्तुगीज ‘पांव’चा मराठी अवतार. गहू हिंदुस्थानाला नवा नव्हता. नवे होते ते पीठ आंबवून, फुगवून भट्टीत भाजणे. युरोपात आंबवण्यासाठी जुन्या पिठाचा गोळा किंवा बिअरचा फेस वापरत. गोव्यात बिअर नव्हती; पण माडाची सुर होती. झाडावरून उतरवताक्षणी ती गोड असते आणि काही तासांतच आपोआप आंबू लागते. हीच सुर पिठात मिसळली आणि पाव फुगला. साष्टीतील ख्रिस्ती कुटुंबांनी ही विद्या आत्मसात केली, आणि ‘पादेयरु’ या पोर्तुगीज शब्दावरून त्यांना ‘पोदेर’ हे नाव पडले. म्हणजे गहू शेताचा, रीत पोर्तुगालची आणि फुगवणारा प्राण कोकणच्या माडाचा! आपल्याकडचे नाताळचे फुगे ताडीत आंबवण्याची जुनी रीतही याच कुळातली.

मांसाची कथा याहून बोलकी आहे. ‘व्हिन्य द आल्युश’ म्हणजे मद्य आणि लसूण. या मिश्रणात डुकराचे मांस मुरवून टिकवण्याची पद्धत पोर्तुगालमध्ये रूढ होती. गोव्यात द्राक्षमद्य महाग आणि दुर्मिळ. त्याच्या जागी सुरेपासून केलेला शिरका आला. 1583 ते 1588 या काळात गोव्यात आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून राहिलेल्या लिन्सखोटेन या डच गृहस्थाने आपल्या प्रवासवर्णनात माडापासून सुर, शिरका आणि गूळ कसे मिळतात याची नोंद केली आहे. शिरक्याच्या जोडीला येथलेच मिरे, दालचिनी, जिरे आले. आणि पोर्तुगीजांच्याच जहाजांतून अमेरिकेची मिरची आली. अशा रीतीने गोव्याचा विंदालू आणि आपल्याकडचा इंदाल सिद्ध झाला. यातील ‘आलू’ म्हणजे बटाटा नव्हे, लसूण होय. शब्दाच्या गैरसमजातून पुढे कित्येक उपाहारगृहांनी त्यात बटाटेही घातले!

या पदार्थाचे भाईबंद इतरत्रही आहेत. मदैरा बेटावर आजही नाताळला हेच लसणीत मुरवलेले मांस होते. 1835 पासून मदैराचे गरीब मजूर दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांच्या वंशजांच्या घरी नाताळच्या सकाळी ‘गार्लिक पोर्क’ रांधले जाते. तेथे तो व्हिनेगरात मुरतो, त्यात तेथली मिरची पडते. तीन किनारे, तीन चवी. पण उगम एक आणि सणही एकच. कोणत्याही किनाऱ्यावर मूळ चव जशीच्या तशी उरली नाही, आणि तरी कोणत्याही घरी तो पदार्थ परका मानला जात नाही.

याच इतिहासाला एक कडू बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आपल्याला शोभणारे नाही. 1736 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात नवख्रिस्तींच्या कित्येक चालीरीतींवर बंदी घालण्यात आली. भात मिठाशिवाय शिजवून मागाहून चवीपुरते मीठ घेण्याची हिंदू रीतसुद्धा त्यात निषिद्ध ठरली. सत्ता चुलीपर्यंत पोहोचली होती. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याची जी गोष्ट आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिच्यामागे अशाच भयाची सावली असावी. एकाच काळात अन्न हे ओढीचे साधन होते आणि धाकाचेही.

परंतु टिकले काय? फर्मानानंतर तीनच वर्षांनी, 1739 च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली. दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता गेली; स्वयंपाकघरावर हुकूम चालवणारे कुणी उरले नाही. 1812 मध्ये इन्क्विझिशनही कायमचे बंद झाले. भातात मीठ केव्हा घालावे, हे आज कुणाला फर्मान काढून सांगावे लागत नाही. पण इंदाल राहिला, सोरपोतेल राहिले, फुगे राहिले. पाव तर सर्व धर्मांच्या महाराष्ट्राने असा आपलासा केला की वडापाव आणि मिसळपाव यांना परके म्हणण्याचे आज कुणाला स्वप्नातही सुचणार नाही. हुकमाने लादलेले विरले; मायेने रांधलेले उरले.

आता चक्र पुन्हा फिरले आहे. तेलाच्या पैशाने आखात समृद्ध झाले, तेव्हापासून, म्हणजे 1970 च्या दशकापासून, आपल्या धर्मग्रामांतील मुलेमुली तिकडे गेली. काही त्यापुढे कॅनडा, ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. कुवेतसारख्या देशात डुकराचे मांसही वर्ज्य आणि ताडीही. तेथे इंदाल बोकडाच्या मांसाचा करावा लागतो, फुग्यांच्या पिठात दुकानातले यीस्ट घालावे लागते. आपण ते ऐकून हळहळतो. पण चारशे वर्षांपूर्वी लिस्बनच्या एखाद्या आईने आपल्या लेकाच्या गोव्यातील ताटाकडे पाहिले असते, तर तीही अशीच हळहळली असती. द्राक्षमद्याऐवजी ताडीचा शिरका, आणि वर हा तिखटजाळ मसाला! तिच्या दृष्टीने जो बिघाड, तोच आपला वारसा ठरला.

म्हणून परदेशस्थ लेकरांच्या पातेल्यात अस्सलपणा किती, हे मोजत बसण्याचे कारण नाही. त्यांना मसाल्याची पुडी पाठवावी, प्रमाण सांगावे, आणि तेथल्या बाजारात जे मिळेल ते त्यात मिसळण्याची मोकळीक द्यावी. घरचा घास परक्या भूमीत तयार मिळत नसतो. तो त्या भूमीच्या मदतीने रांधावा लागतो. आपल्या पूर्वजांनी कोणाकडून तरी हे घेतले आणि आपले केले. आपली नातवंडेही तेच करत आहेत, आणि त्यांच्या मेजावर जे शिजते आहे तेही आपलेच आहे.